दगडासोबत आलेले आगंतुक

प्रश्न : आमच्या घरी खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीस तिच्यात नवा लाइव्ह रॉक (जिवाणू आणि छोटे सागरी जीव वसलेला दगड) बसवला. आता त्या दगडावर तपकिरी, पारदर्शक झुबके उगवले असून काडी जवळ नेताच ते आत ओढले जातात. रात्री दिवे घालवल्यावर फटींतून बोटभर लांबीची, दोन्ही कडांना पांढरे केस असलेली गुलाबी अळी बाहेर येते आणि अधूनमधून ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. दुकानदारांनी दगड बाहेर काढून उकळण्याचा सल्ला दिला आहे. तसे करावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दगड कोणत्याही परिस्थितीत उकळू नका. लाइव्ह रॉकवर झोअँथिड जातीचे बटणाएवढे पॉलिप (प्रवाळांचे नातलग असलेले छोटे जीव) असू शकतात आणि त्यांपैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. दगड उकळल्यामुळे उठलेल्या वाफेतून ते श्वासावाटे शरीरात जाऊन माणसांना रुग्णालयात दाखल करावे लागल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. शिवाय दगडातील ज्या जिवाणूंमुळे टाकीतील अमोनियाचे विघटन होते तेही उकळण्याने मरतात, आणि असा दगड पुन्हा टाकीत ठेवल्यास आतील मृत जीव कुजून माशांच्या जिवावर बेतते.

तपकिरी झुबके हे तुमच्या वर्णनावरून एप्टेशिया या समुद्रफुलाचे (फुलासारख्या दिसणाऱ्या सागरी प्राण्याचे) वाटतात. लांब देठ, टोकाकडे निमुळते होत जाणारे पातळ शुंडक (तोंडाभोवतीचे तंतू) आणि चाहूल लागताच क्षणार्धात आत जाण्याची सवय, या तीन खुणा एकत्र दिसल्या की शंकेला फारशी जागा उरत नाही. तुमच्या पाहुण्यांपैकी खरी काळजी याचीच करायला हवी, कारण ते शेजारच्या प्रवाळांना डंख करते आणि झपाट्याने पसरते. ते खरवडण्याचा मोह मात्र टाळा. त्याच्या तळव्याचा दगडाला चिकटून राहिलेला बारीकसा तुकडाही वाढून नवे समुद्रफूल होते. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड थोड्या पाण्यात कालवून त्याची दाट पेस्ट करावी, पंप काही वेळ बंद ठेवावेत आणि सिरिंजने ती पेस्ट समुद्रफुलाच्या तोंडावर अलगद सोडावी. पानाला लावायचा चुना यासाठी वापरू नये. पेस्टमुळे पाण्याचा सामू चढतो, म्हणून एका वेळी दोन-तीन झुबकेच घ्यावेत. प्रादुर्भाव मोठा असेल तर पेपरमिंट कोळंबी किंवा केवळ एप्टेशियावरच जगणारी बर्गिया ही बिनकवची सागरी गोगलगाय उपयोगी पडते. कोळंबी मात्र प्रत्येक वेळी ते खाईलच अशी खात्री देता येत नाही.

गुलाबी अळी बहुधा ब्रिसल वर्म असावी आणि तसे असल्यास तिला राहू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. माशांनी टाकलेले अन्न आणि मेलेले जीव खाऊन ती हात न पोहोचणाऱ्या फटी स्वच्छ ठेवते. सकाळी मेलेल्या माशावर ती आढळली, एवढ्यावरून तिला मारेकरी ठरवणे अन्यायाचे आहे. तिचे ठिसूळ केस मात्र कुसळासारखे कातडीत मोडून आग करतात, म्हणून दगड हाताळताना हातमोजे घालावेत. केस रुतलेच तर चिकटपट्टी लावून उपटावेत. अळीचे डोके एकदा नीट पाहून घ्या. डोक्यावर पाच स्पृशा (मिशांसारखे अवयव), अंगावर इंद्रधनुषी चकाकी आणि भक्कम जबडे असतील तर ती युनिस कुळातील असू शकते, आणि त्यातील मोठ्या जाती शिकारी असतात. इंग्लंडमधील न्यूक्वे येथील मत्स्यालयात २००९ मध्ये प्रवाळांची नासधूस होत होती. टाकीतील दगड एकेक करून बाहेर काढल्यावर सुमारे चार फूट लांबीची अशीच अळी सापडली होती.

राहिला आवाज. तो पिस्तूल कोळंबीचा असू शकतो किंवा मँटिस श्रिंपचा. पिस्तूल कोळंबीची एक नांगी दुसरीपेक्षा ठळकपणे मोठी असते. ती मिटताना पाण्याचा वेगवान झोत सुटतो, त्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटण्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. ही कोळंबी सहसा निरुपद्रवी असते. मँटिस श्रिंपचे डोळे देठांवर असून स्वतंत्रपणे फिरतात आणि पुढचे पाय छातीशी दुमडलेले असतात. तो मासे, खेकडे व शंख मारतो, म्हणून त्याला वेगळे काढणे भाग आहे. रात्री विजेरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद लावून निरीक्षण करा, कारण लाल प्रकाशात हे प्राणी सहसा बिचकत नाहीत. पकडण्यासाठी प्लास्टिकच्या बाटलीचे तोंड कापून ते उलटे आत बसवावे आणि तळाशी कोळंबीचा तुकडा ठेवावा.

प्रश्न : टाकीत सापडलेला नकोसा खेकडा मालवणच्या समुद्रात सोडला तर चालेल का?
— एक वाचक, कणकवली

उत्तर : नाही. दुकानातून आलेला प्राणी मूळचा कोणत्या समुद्रातला, हे बहुधा कळत नाही आणि परका जीव किनाऱ्यावर रुजला तर त्याला आवरणे कठीण होते. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यटाक्यांतील शेवाळ १९८४ मध्ये मोनाको येथील सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात प्रथम दिसले, तेव्हा त्याचा पसारा चौरस मीटरभर होता; पुढे ते भूमध्य समुद्रात अनेक देशांच्या किनाऱ्यांवर पसरले. खेकडा सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) किंवा छोट्या वेगळ्या टाकीत ठेवा. उलट बाजूनेही हाच संयम हवा. मालवणच्या किनाऱ्यावरून टाकीसाठी प्रवाळ किंवा प्रवाळ असलेला दगड उचलू नका. दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. टाकीतून काढलेले शेवाळ आणि पाणीही खाडीत ओतू नका.