‘यजमान’ आणि ‘सहजीवी’ : करडईवरच्या माव्याच्या निमित्ताने

प्रश्न असा : जीवशास्त्रात ‘होस्ट’साठी, म्हणजे ज्याच्या अंगात किंवा अंगावर दुसरा जीव राहतो त्याच्यासाठी, ‘यजमान’ लिहितात, पण यजमान म्हणजे पाहुण्याला जेवू घालणारा, नाहीतर बायकोच्या तोंडी नवरा. मग हा शब्द इथे कसा चालेल? आणि त्याच्याकडे राहणाऱ्या ‘सिम्बायंट’ला सहजीवी म्हणावं की परोपजीवी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. परोपजीवी म्हटलं की निकाल लागलाच : एक खातो, दुसरा झिजतो. सहजीवी हा शब्द असा निकाल देत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आंटोन डी बारी यांनी १८७९ मध्ये मांडलेली सिम्बायोसिसची व्याख्याही एवढीच होती, की वेगवेगळ्या जातींच्या जीवांनी एकत्र जगणं. त्यात परोपजीवीही येत होते. म्हणून सहजीवी हाच शब्द घ्यावा.

‘यजमान’ मात्र मला फार आवडतो, आणि तो का बसतो हे त्याच्या व्याकरणात आहे. संस्कृतात यज् (यज्ञ करणं) धातू उभयपदी आहे, म्हणजे त्याची परस्मैपदी आणि आत्मनेपदी अशी दोन्ही रूपं होतात. दुसऱ्यासाठी यज्ञ करणारा ऋत्विज ‘यजति’. फळ स्वतःला मिळावं म्हणून करतो तो ‘यजते’. यजमान हे या दुसऱ्या, आत्मनेपदी रूपावरून आलेलं. पाहुणचाराचा अर्थ मागाहून चिकटला. मुळात ज्याच्या घरी कर्म होतं, जो दक्षिणा देतो आणि ज्याला फळ मिळतं, तो यजमान.

आता थंडीत करडईचा एखादा शेंडा मोडून हातात घ्या. काळ्या माव्याने, म्हणजे बारीक किड्यांनी, तो गच्च भरलेला असतो आणि बोटं चिकट होतात. मावा झाडाचा रस शोषतो. त्यात साखर भरपूर, पण अत्यावश्यक अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, फार थोडी. जादा साखर तो बाहेर टाकतो, तोच आपला चिकटा. अमिनो आम्लांची उणीव भरून काढतो बुक्नेरा नावाचा जिवाणू, माव्याच्या अंगातल्या खास पेशींत राहणारा. मावा त्याला कच्चा माल पुरवतो, तो अमिनो आम्लं घडवून देतो. कर्म जिवाणूचं, दक्षिणा आणि फळ यजमानाचं.

शिवाय हा उपाध्याय वंशपरंपरेचा आहे. पिलू आईच्या पोटात असतानाच बुक्नेरा त्याच्यात उतरतो. त्र्यंबकेश्वराला एका कुळाच्या शाखा फुटत जातात आणि त्यांचे क्षेत्रोपाध्ये पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याबरोबर चालत येतात, तसंच हे. माव्यांच्या जातींची वंशावळ आणि त्यांच्यातल्या बुक्नेरांची वंशावळ शेजारी ठेवली, तर फांद्या बऱ्याच अंशी जुळतात. ही सोबत दहा कोटी वर्षांहून जुनी आहे.

२००० साली जपानी शास्त्रज्ञांनी वाटाण्यावरच्या माव्यातल्या बुक्नेराचा जनुकसंच वाचला. तो जेमतेम ६ लाख ४० हजार डीएनए-अक्षरांचा निघाला. त्याचा नातलग ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू, त्याचा सुमारे ४६ लाखांचा. जे घरात आयतं मिळतं, त्याची जनुकं गळून गेली. ल्यूसीन आणि व्हॅलिन बनवण्याची शेवटची पायरीसुद्धा बुक्नेराला येत नाही; ती यजमानाचं जनुक पुरी करतं. एकच पाककृती दोन जनुकसंचांत वाटली गेली आहे!

आता ‘को-इव्होल्यूशन’, म्हणजे दोन जातींनी एकमेकींना बदलवत उत्क्रांत होणं. सहउत्क्रांती रूढ आहे, पण सह अधिक उदर सहोदर, तसं मी सहोत्क्रांती लिहितो. फक्त एक पथ्य : नुसत्या एकत्र राहण्याला हा शब्द वापरू नये. एकाच्या जनुकांतला बदल दुसऱ्याच्या वंशाला भोवला किंवा फळला पाहिजे. बुक्नेराच्या उष्णतेपासून बचाव करणाऱ्या एका जनुकाजवळचं एक अक्षर गळालं, तर असा जिवाणू बाळगणाऱ्या माव्याला लहानपणी कडक ऊन सोसावं लागल्यावर पुढे पिलं फार थोडी होतात किंवा होतच नाहीत. गारव्यात मात्र तोच मावा इतरांपेक्षा लवकर वाढवतो आपलं कुटुंब.