मिठाच्या ग्राइंडरला गंज. बिल मुलाच्या नावावर, दुकान पुण्यात

प्रश्न : दिवाळीला मुलाकडे पुण्यात होते, तेव्हा त्याने मला मिरी आणि मीठ दळायच्या हातग्राइंडरची जोडी २,४०० रुपयांना घेऊन दिली. खोक्यावर ‘सिरॅमिक, गंजत नाही’ असं छापलंय. चार महिन्यांत मिठातून तांबूस भुकटी पडू लागली. दुकानदार म्हणतो, वापरलेला माल परत घेत नाही, बिलावर तसं लिहिलंय; बिल तुमच्या नावावर नाही; आणि तक्रार करायची तर पुण्यात करा. काय करू?
– एक गृहिणी, चोपडा

उत्तर : ताई, आधी एक करा. तो ग्राइंडर धुऊ नका, घासू नका, आणि ‘द्या, दुरुस्त करून पाठवतो’ म्हणून कुणी मागितला तर देऊ नका. गंज हाच तुमचा पुरावा आहे. खोकंही जपून ठेवा. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं खोकं रद्दीत घालून आलेली असतात, आणि मग कंपनीने काय कबूल केलं होतं हे दाखवायला हाती काही उरत नाही.

आता मीठ काढून खालचं तोंड उजेडात बघा. दळणाऱ्या चकत्या पांढऱ्या असतील तर त्या बहुधा सिरॅमिक आहेत आणि गंज मधल्या दांडीचा किंवा स्प्रिंगचा आहे. चकत्याच धातूच्या निघाल्या तर खोक्यावर चक्क खोटं छापलंय. दोन्हीकडून तुमची बाजू उभी राहते, कारण ‘गंजत नाही’ हे पूर्ण वस्तूबद्दल म्हटलंय. फोटो काढून ठेवा.

दुकानदाराच्या तिन्ही हरकती टिकणाऱ्या नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक असतो. मुलाने आईला दिलेली वस्तू त्यात बसते. बिलावरची ओळ मन बदललेल्या गिऱ्हाइकाला लागू पडेल, सदोष मालाला ती ढाल होत नाही. आणि पुण्याचं म्हणाल, तर जुन्या १९८६ च्या कायद्यात ही अडचण होती. आता कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तुमच्यासाठी ते जळगाव. खेपा पुण्याला घालायच्या नाहीत.

एका गोष्टीवर मात्र मला खरं सांगा : त्यात ओलसर जाडं मीठ घातलं होतं का? सोबतच्या कागदावर ‘फक्त कोरडं मीठ’ अशी स्पष्ट सूचना असेल आणि ती पाळली नसेल, तर समोरचा वकील तेच धरून बसेल, आणि त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नसेल. सूचना नसेल तर उलट तीच त्यांची चूक. मिठासाठी विकलेल्या वस्तूबरोबर ती द्यायलाच हवी होती.

दुकानदार आणि उत्पादक (किंवा आयातदार, नाव-पत्ता खोक्यावर असतो) दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. मागणी साधी ठेवा : पैसे परत आणि खर्च. दोन-अडीच हजारांच्या वस्तूसाठी लाखाची भरपाई मागितली की तक्रारीचं वजन कमी होतं. त्याच वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळदा प्रकरण तिथेच मिटतं. नाही मिटलं तर जळगावच्या जिल्हा आयोगात अर्ज द्या. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. प्रयोगशाळेच्या मागे लागू नका. तिचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो, आणि इथे दोष डोळ्यांना दिसतोय.

नवा घ्याल तेव्हा मिठाचा आणि मिरीचा वेगळाच घ्या. मिरीला पोलादी दातेरी यंत्र चांगलं, ते आधी दाणा फोडतं आणि मग दळतं. मिठाला सिरॅमिकच हवं, कारण मीठ पोलाद खातं. आणि उकळत्या रश्शावर धरून कुठलाच फिरवू नका; वाफ आत शिरते, मीठ ओलं होऊन बसतं. ताटलीत दळा आणि मग भाजीत टाका.