उपनगरात लोकवर्गणीतून रुग्णालय उभारायचे असल्यास ते किती खाटांचे असावे आणि जागा कशी निवडावी?

कोल्हापूरलगतच्या कळंबा-पाचगाव परिसरात वस्ती झपाट्याने वाढत असल्याने काही मंडळी न्यास स्थापन करून लोकवर्गणीतून पन्नास खाटांचे रुग्णालय बांधू पाहत आहेत, तर ही संख्या योग्य आहे का आणि जागा कोठे घ्यावी, असे आपण विचारले आहे. मी वास्तुविशारद नाही. आधी परिचारिका आणि पुढे परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. तरीही उत्तर लिहिते आहे, कारण नेमक्या ह्याच प्रश्नावर भर बैठकीत मला एकदा गप्प बसवण्यात आले होते आणि ते मी अजून विसरलेले नाही.

आधी खाटांविषयी. सरकारी निकषाप्रमाणे मैदानी भागात 1,20,000 लोकसंख्येला 30 खाटांचे एक ग्रामीण रुग्णालय असते, तर 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचे उद्दिष्ट हजार लोकांमागे दोन खाटा असे आहे. म्हणजे लाखभर वस्तीला पहिल्या हिशेबाने 25 खाटा पुरतात आणि दुसऱ्या हिशेबाने 200 लागतात. ज्याला जे सिद्ध करायचे असेल त्याने ते करावे. त्यापेक्षा स्वतः हिशेब मांडा. हजारी पन्नास माणसे वर्षाला दाखल होतात आणि सरासरी चार दिवस राहतात असे धरले, तर लाखाच्या वस्तीला वर्षाकाठी 20,000 खाट-दिवस होतात; त्याला 365 ने भागून आणि खाटा ऐंशी टक्केच भरतात हे लक्षात घेऊन आकडा 68 च्या घरात येतो. त्यातले निम्मे लोक सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, किंवा शहरातल्या खाजगी दवाखान्यांत जाणारच, म्हणून तुमच्या वाट्याला तीस-पस्तीस खाटा उरतात. लोकसंख्या मात्र 2011 च्या जनगणनेची धरू नका. कोल्हापूर महापालिका 1972 साली झाली, पण तिची हद्द काही वाढली नाही. गाव मात्र चहूकडे फुगत राहिले, आणि त्या कागदावरचे पाचगाव आजच्या पाचगावला ओळखणारही नाही. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदी आणि आशाताईंच्या वह्या ह्यांवरून अधिक खरा आकडा मिळेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. काही वर्षांपूर्वी शहराच्या दक्षिणेकडच्याच एका न्यासाने असेच रुग्णालय योजले होते. निवृत्त मुख्याध्यापक, दूध संस्थेचे संचालक, दोन बांधकाम व्यावसायिक आणि एक डॉक्टर अशी समिती होती. नर्सिंगचे कोणी असावे म्हणून मला बोलावले. बैठक एका मंगल कार्यालयात भरली आणि चार मजल्यांचा रंगीत नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला गेला. तळमजल्यावर स्वागतकक्ष, औषधाचे दुकान आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी भिंत. पहिल्या मजल्यावर प्रसूतिकक्ष. तिसऱ्यावर ऑपरेशन थिएटर. आणि मधे एकच लिफ्ट. रॅम्पला जागा फार जाते म्हणून तो वगळला होता.

मी विचारले की, रात्री दोन वाजता बाळाचे ठोके उतरू लागले आणि सिझेरियनचा निर्णय झाला, तर बाईला वर कसे न्यायचे? अशा वेळी निर्णयापासून अर्ध्या तासात बाळ बाहेर यावे असा दंडक आहे, आणि त्या अर्ध्या तासात भूलतज्ज्ञाला घरून यायचे असते. वास्तुविशारद म्हणाले की, जनरेटर आहे. मी म्हटले, जनरेटर लिफ्टला वीज देईल, बिघडलेली लिफ्ट दुरुस्त करणार नाही. आणि आग लागली तर लिफ्ट वापरताच येत नाही. त्यावर कोणी काही बोलले नाही.

मग मी कॉरिडॉरची रुंदी पाहिली, ती साडेपाच फूट होती. नुसते सांगून पटणार नाही म्हणून कार्यालयाच्या व्यवस्थापकाकडून खडू मागून घेतला आणि फरशीवर साडेपाच फुटांच्या अंतराने दोन रेषा ओढल्या. खुर्च्या मांडायला आलेल्या तालमीच्या पोरांना जेवणाची दोन लांब टेबले समोरासमोरून न्यायला लावली; प्रत्येक टेबलाबरोबर सलाईनची बाटली धरल्यासारखा हात वर करून एकेक जण चालत होता. टेबले कशीबशी एकमेकांना घासून गेली, पण बाटलीवाले दोघेही रेषेबाहेर, म्हणजे भिंतीत गेले. पोरे हसली. रुग्णालयाचा कॉरिडॉर आठ फुटांचा, म्हणजे 2.4 मीटरचा हवा असे बांधकामाच्या नियमावलीतच आहे. ते समितीच्या एकाही सदस्याला ठाऊक नव्हते. शिवाय बेडपॅन धुण्यासाठी स्लूस रूम कोणत्याच मजल्यावर दाखवलेली नव्हती, म्हणजे मावशींनी भरलेली भांडी भेटीला आलेल्या नातेवाइकांच्या आणि त्यांच्या डब्यांच्या मधून नेऊन लोकांच्या संडासात ओतायची होती.

तेवढ्यावरही मी थांबले असते. पण नंतर खर्चाचा तक्ता पुढे आला आणि पन्नास खाटांच्या साऱ्या रुग्णालयाला मिळून बारा परिचारिका हे मी वाचले. परिचारिकेची एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची, तर आठवड्याला एकवीस पाळ्या होतात. एक जण सहा पाळ्या करते, म्हणून साडेतीन जणी लागतात. आणि रजा, आजारपण, बाळंतपणाची रजा ह्यांसाठी तीस टक्के धरले की साडेचार होतात. बारा भागिले साडेचार करून पाहा. प्रसूतिकक्ष, कॅज्युअल्टी आणि सारे वॉर्ड मिळून एका वेळी पुरत्या तिघीही ड्युटीवर नाहीत. साध्या वॉर्डात सहा खाटांमागे एक परिचारिका हे प्रमाण धरले, तर नुसत्या तीस खाटांच्या वॉर्डाला पाळीला पाच जणी, म्हणजे एकूण बावीस-तेवीस जणी हव्यात. प्रसूतिकक्ष, थिएटर आणि कॅज्युअल्टी त्याहून वेगळी. हे मी तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहून दाखवले. त्यावर चेअरमनसाहेब म्हणाले, ‘सिस्टर, तुम्ही नर्सिंगचे बघा, बांधकामाचे आणि पैशांचे आम्ही बघतो.’ मुख्याध्यापकांनी विषय बदलला, चहा आला, आणि पुढच्या बैठकीचे निमंत्रण मला आले नाही.

इमारत उभी राहिली. उद्घाटन थाटात झाले, संगमरवरी भिंतही झाली. रात्रीच्या प्रसूती मात्र काही महिन्यांतच बंद झाल्या, कारण नाईटला पुरेशा सिस्टर नव्हत्या आणि होत्या त्या एकट्याने तीन विभाग सांभाळून कंटाळून गेल्या; वरचा मजला आजही कुलपात आहे. दोष सिस्टर मिळत नाहीत ह्याला दिला जातो. सिस्टर मिळतात, तुटपुंज्या पगारावर लागोपाठ नाईट करणाऱ्या मिळत नाहीत.

म्हणून पन्नास खाटा बरोबर का, ह्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, आधी रात्रपाळीचे वेळापत्रक लिहा. रात्री कोण कोण हजर असेल, भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येईल, रक्त कोठून येईल हे एका कागदावर मांडा आणि त्यांच्या पगाराला पुरतील एवढ्याच खाटा ठेवा. त्या वीस निघाल्या तर वीस. लाखाच्या वस्तीत वर्षाला साधारण दीड हजार जन्म होतात, म्हणजे दिवसाला चार, आणि बाळे घड्याळ पाहून येत नाहीत. प्रसूतिकक्ष आणि थिएटर शेजारी-शेजारी, एकाच मजल्यावर ठेवा; सीटी स्कॅनचा मोह पहिली काही वर्षे आवरा. एखाद्या देणगीदाराला आईचे नाव द्यायचे असेल तर त्याने ठेव ठेवून त्या व्याजातून नाईट सिस्टरचा पगार द्यावा आणि पाटी नर्सिंग स्टेशनवर लावावी. संगमरवरी भिंतीपेक्षा ती जास्त लोक वाचतील.

जागेविषयी थोडक्यात. 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या माणसाला पूररेषेबाहेर घ्या हे सांगायला नको, आणि तुमचा भाग उंचावरच आहे. पण नुसता प्लॉट कोरडा असून भागत नाही. 2019 साली शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्गच कित्येक दिवस बंद होता, तेव्हा प्राणवायूची आणि औषधांची गाडी कोणत्या रस्त्याने येईल ते नकाशावर पाहा. पुरात उपसा केंद्रे पाण्याखाली गेली की नळ कोरडे पडतात, हेही आपण अनुभवले आहे. रुग्णालयाला खाटेमागे रोज 340 लिटर पाणी धरतात. पन्नास खाटांना 17,000 लिटर, म्हणजे तीन दिवसांच्या साठ्यासाठी 51,000 लिटरची टाकी. पाचगाव-मोरेवाडीत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्यांना ह्याचा अर्थ कळेल.

आता काही गोष्टी न सांगितल्या तर अन्याय होईल. चेअरमनसाहेबांनी ती जमीन देणगी म्हणून मिळवली होती आणि स्वतःच्या खिशातूनही बरेच घातले होते. पैसा उभा करणे मला जमले नसते. माझे गणित नर्सिंगपुरते आहे. औषधे, वीज, उपकरणांची देखभाल ह्यांचा हिशेब चार्टर्ड अकाउंटंटकडून करून घ्या. न्यासाचे रुग्णालय असल्यास दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकावी लागते, हेही आत्ताच धरून चला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या भरवशावर मासिक खर्च मांडू नका. तिचे पैसे दावा मंजूर झाल्यावर येतात आणि पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावा लागतो, त्यामुळे निदान सहा महिन्यांचे पगार बँकेत वेगळे ठेवूनच दार उघडा. आणि नकाशा प्राधिकरणाकडे मंजुरीला जाण्याआधी एखाद्या सरकारी रुग्णालयातील इनचार्ज सिस्टरला बैठकीला बोलावून पूर्ण वेळ बोलू द्या. येण्याजाण्याचे भाडे देऊ केलेत तर बरे, कारण बहुतेक वेळा ती नाईट संपवून थेट येत असते.