मुंढा खाली कापू नकोस

प्रिय लेकी,

तुझा निरोप वाचला, फोटोही पाहिले. कुर्त्यासाठी जांभळी नाक्यावरून आणलेलं एवढं छान कॉटन वाया गेलं आणि मशीन झाकून ठेवलंय, असं लिहिलंयस. कापड वाया गेलेलं नाही. मला धास्ती वाटली ती तुझ्या शेवटच्या वाक्याची: 'बगलेत काचतंय, म्हणून मुंढा अर्धा इंच खाली कापते.' तेवढं करू नकोस. बाही जोडायची ती गोलाई, म्हणजे मुंढा, आहे तिथेच राहू दे. म्हणूनच पत्र लगेच लिहायला घेतलं.

आरशासमोर कुर्ता बरा वाटला आणि ऐरोलीच्या गाडीत वरची कडी धरल्यावर चांगला चार बोटं वर चढला, असं तू म्हणतेस. ही खरी ट्रायल झाली बघ. आरशासमोर आपण हात खाली सोडून, श्वास रोखून उभ्या राहतो. तिथे कुठलाही कुर्ता गप्प बसतो.

आता हे नीट समजून घे. मुंढा जितका खाली, तितकी बाहीची जोड बगलेपासून लांब. मग हात उचलला की बाही सरळ बाजूच्या शिलाईला ओढते आणि अख्खा कुर्ता वर येतो. मुंढा बगलेच्या जवळ, एखाद्या इंचाच्या आत असला, तर हात एकटा हलतो आणि कुर्ता जागेवर राहतो. ऐकायला उलटं वाटतं, मलाही बरीच वर्षं वाटायचं.

मग काचतं का? मला वाटतं, तू पुढचा आणि मागचा भाग एकत्र घडी घालून एकाच आकारात कापलास. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा आत घ्यावा लागतो, कारण हात पुढे येतात. आत म्हणजे छातीकडे, पाव ते अर्धा इंच. खाली नाही. हा फरक डोक्यात पक्का बसला, की अर्धी शिवण तुला आली असं समज.

तुझ्या फोटोतल्या सुरकुत्या मी मोठ्या करून पाहिल्या. छातीच्या टोकापासून बगलेकडे तिरक्या रेषा जातात. तिथे कापड कमी पडतंय, टक्स हवा, म्हणजे छातीच्या गोलाईसाठी शिवलेली निमुळती चिमटी. मागे गळ्याखाली एक आडवी घडी जमते. तुझे खांदे ताठ आहेत आणि खांद्याचा उतार तू तयार मापांच्या तक्त्यातला घेतलास, म्हणून जास्तीचं कापड वर सरकून तिथे बसतं. कापड जिथे अडतं, तिथूनच सुरकुती सुटते. तिचं टोक शोधत जायचं.

छाती घट्ट होण्याचं कारण शिलाईतही असू शकतं, ते मोजून बघ. दोन बाजू, प्रत्येक बाजूला दोन पदर. प्रत्येक पदरात टीप पाव इंच आत गेली, तर घेर एक इंच कमी होतो. आणि माप स्वतःचं स्वतः घेतलं असशील तर ते दुसऱ्याकडून पुन्हा घे. हात उचलून टेप धरला की माप बदलतं.

मी हे शिकले ते एका खणावर. बहिणीच्या लग्नासाठी ब्लाउज शिवत होते, बगलेत काचलं म्हणून मुंढा कापला. तरी काचलं, आणखी कापला. खण म्हणजे मोजून एका चोळीचं कापड, माघारी फिरायला तुकडाच नाही. लग्नात अक्षता टाकायला हात उचलला आणि ब्लाउज वर गेला, तो मी पदराखाली दाबून धरला. त्या दिवशीचा बहिणीचा चेहरा मला आठवत नाही, स्वतःची कोपरं तेवढी आठवतात. नंतर आजीने त्याच्या बगलेत चौकोनी तुकडा तिरका बसवून दिला. चौबगला म्हणायची ती त्याला. जुन्या सरळ कापलेल्या सदऱ्यांना मुंढ्याची गोलाई नसायची, बगलेतल्या या तुकड्यावर हात मोकळा राहायचा. तो ब्लाउज मी पुढे कित्येक वर्षं वापरला.

तुझ्याही कुर्त्याला हा उपाय चालेल. आधी बाह्या उसव, पण ब्लेड कापडाला लावू नकोस, दर तिसरा टाका तोड आणि दोरा ओढ. पुढचा मुंढा आत घे, कच्च्या धावदोऱ्याने बाही टाच, घाल आणि हात वर कर. तरीही ओढलं तर उरलेल्या कापडातून तीन इंचांचा चौकोन काढ. बाजूला माया, म्हणजे शिलाईच्या आतलं जास्तीचं कापड, किती सोडलीस तेही बघ, इंचभर असेल तर छातीला तिथून मिळेल.

पुढचा कुर्ता मात्र आधी मांजरपाटावर काप, आणि नवं कॉटन पाण्यातून काढल्याशिवाय त्याला कातर लावू नकोस.

रविवारी नौपाड्यात माझ्याकडे ये. कुर्ता घेऊन ये, पण इस्त्री करू नकोस, त्या सुरकुत्या मला प्रत्यक्ष बघायच्या आहेत.

तुझी,
काकू