अँथ्रोपॉलॉजीत पीएचडीसाठी गाईड नावाजलेला बघावा की आपल्या विषयातला? आणि पहिल्या फील्डवर्कला मराठी पुरते का?

नाव बघू नका. विषयातला असला तरी त्याला एकच विचारा, सर तुम्ही फील्डला कुठल्या महिन्यात गेला होतात आणि तिथे रात्री किती राहिलात. हे मी का सांगतेय ते जरा लांबून सांगावं लागेल.

माझा विषय कर्जतकडच्या कातकरी आदिवासींचं स्थलांतर. माझे सर (नाव सांगणार नाही, युनिव्हर्सिटीही नाही) या विषयातले मोठे, त्यांचा जुना पेपर आम्हाला एमएलाच होता. त्यात म्हटलं होतं की कातकरी मुळात फिरस्ते, घर धरून राहणं त्यांच्या स्वभावातच नाही. मला चौसष्ट प्रश्नांची छापील प्रश्नावली दिली होती आणि त्यात 'स्थलांतराचं कारण' याच्याखाली पर्याय होते सवय, परंपरा, नातेवाईक, इतर.

मी पहिल्यांदा गेले ती डिसेंबरात. एक्केचाळीस घरांची वाडी, त्यातल्या तेहतीस घरांना कुलूप नाहीतर दाराला काटक्या लावलेल्या. सरांच्या पेपरात होतं अगदी तसंच, आणि खरं सांगते मला आनंद झाला की पहिल्याच दिवशी थिअरी डोळ्यांनी दिसली. मागे म्हातारी माणसं आणि काही पोरं होती. एका आजीला मी पर्याय वाचून दाखवले, सवय की परंपरा. ती म्हणाली, "बाय, गणपतीत पैसा घेतला ना, मग जावं नाय लागत?"

हा पर्याय प्रश्नावलीत नव्हताच.

तो पैसा म्हणजे उचल, कामाआधीच मालकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. पावसात हाताला काम नसतं, घरातलं धान्य संपतं, तेव्हा वीटभट्टीवाला उचल देतो आणि दिवाळी झाली की नवरा-बायको पोरांसकट भट्टीवर. आठवड्याला खर्ची मिळते, हजार विटांमागे दर, आणि पावसाच्या तोंडावर हिशेब, त्यातून उचल वजा, खर्ची वजा, तरी अंगावर काही राहिलंच तर पुढच्या वर्षी परत त्याच मालकाकडे. मी त्या तेहतीस घरांमागे भट्ट्यांवर गेले, चार भट्ट्या, आणि त्यातली एकोणतीस घरं उचल घेऊन आलेली निघाली. म्हणजे स्वभाव कुठला, कर्ज होतं! आणि जूनमध्ये परत गेले तर तीच वाडी गच्च भरलेली, लोक कुडाच्या भिंती लिंपतायत, पेंढा नीट करतायत, घर न धरणारी माणसं असं करतात का? सरांचं फील्डवर्क कॉलेजच्या नाताळच्या सुट्टीत व्हायचं. सगळ्या खेपा डिसेंबरच्याच. वाडी रिकामीच दिसणार ना त्यांना.

हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे संशोधन आहे की मोर्चा?" माझा चॅप्टर चौदा महिने त्यांच्या टेबलावर पडून राहिला. शेवटी उचलीचा तक्ता परिशिष्टात टाकायच्या अटीवर सही मिळाली आणि मी ती घेतली, स्कॉलरशिप संपत आली होती. ते अजून सलतं.

त्या चौदा महिन्यांत मला आधार होता तो मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्व्यांचा. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या, गाईड ऑयगेन फिशर. म्हणजे नामिबियातल्या रेहोबोथच्या मिश्रवंशीय लोकांवर काम करून नाव कमावलेला आणि १९३३ मध्ये, नाझींच्या काळात, बर्लिन युनिव्हर्सिटीचा रेक्टर झालेला माणूस. त्याला वाटायचं गोऱ्यांच्या कवटीची डावी-उजवी बाजू जास्त असमान असते आणि त्यांची बुद्धी त्यातून येते. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असमानपणाचा वंशाशी संबंध दिसत नाही. तेविशीची मुलगी, परका देश, परकी भाषा, आणि समोर तो गाईड. मला तर निदान मराठीत भांडता येत होतं. आपल्याकडे त्यांचं नाव निघालं की लोक महाभारतावरच बोलतात, या १४९ कवट्यांचं कुणी बोलत नाही याचा मला राग येतो.

मराठीचं विचारलंय तर, पुरते आणि नाही पुरत. वाडीतल्या बायका माझ्याशी मराठीत बोलायच्या, आपापसात कातकरी बोलीत, आणि पैशाचं बोलणं आपापसातच व्हायचं. मला ते कळायला सहा महिने लागले.

आता एक सांगायला हवं, सर वाईट नव्हते. रोज रात्री झोपायच्या आधी डायरी लिहायची, दुसऱ्या दिवशीवर टाकायची नाही, ही शिस्त त्यांचीच, आणि आजीचं वाक्य शब्दाला शब्द माझ्याकडे आहे ते त्यामुळेच. (डायरीच्या प्रती वेगवेगळ्या गावात ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी कर्नाटकातल्या रामपुरा गावच्या फील्डवर्कवरून नीट लावून लिहिलेल्या नोट्सच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डला एकाच आगीत गेल्या.) शिवाय माझी वाडी एकच, घरं एक्केचाळीस, सगळ्या कातकऱ्यांचं असंच असतं असं मी म्हणत नाही. पण खैराचं जंगल सरकारी झालं, काताचा धंदा गेला, मग कोळसाभट्टी आली, मग वीटभट्टी, हे सगळं बाजूला ठेवून 'स्वभाव' म्हणायचं हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. सर वाचत असतील तर त्यांनी एकदा जूनमध्ये त्या वाडीवर यावं, मी बरोबर येते.

तुम्हीही पहिली खेप पावसाच्या तोंडावर करा. डिसेंबरात गेलात तर आधी भट्टीवर जा, वाडी नंतर.