सोलापुरात निवृत्त वडिलांची एफडी मोडून जास्त लाभांशाचे शेअर घ्यावेत का?

सगळी एफडी मोडू नका. पाच-सात वर्षं लागणार नाही एवढीच रक्कम वळवा. चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्यांची विवरणपत्रं भरताना हेच दिसतं: लोक लाभांशाचा टक्का बघतात, तो का वाढला ते बघत नाहीत. 100 रुपयांच्या शेअरवर 8 रुपये मिळाले की 8 टक्के. भाव 50 वर आला की तेच 16 टक्के दिसतात, मुद्दल मात्र अर्धं झालेलं असतं. शिवाय एप्रिल 2020 पासून लाभांशावर आपल्याच उत्पन्नाच्या स्लॅबप्रमाणे (टप्प्याप्रमाणे) प्राप्तिकर लागतो. कोल इंडियासारख्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं चांगला लाभांश दिलाय, म्हणून ओढ वाटणं साहजिक आहे. पण कंपनीचा नफा आटला की लाभांश कमी होतो, बंदही पडतो. वडिलांचं औषधपाणी पेन्शनमधून भागत असेल, तरच यात उतरा.