जुन्या लॅपटॉपवर पपी लिनक्स

लॅपटॉप एवढ्यात भंगारात देऊ नकोस. पपी लिनक्स ही हलकी ऑपरेटिंग सिस्टिम चालवून बघ. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ही सिस्टिम, रॅम पुरेशी असेल तर सगळीच्या सगळी रॅममध्ये चढते. मग ज्या सीडीवरून ती सुरू केलीस, ती सीडी चालू असताना काढलीस तरी चालतं. (पहिल्यांदा काढताना माझा हात थरथरला होता!)

पहिल्यांदा बंद करताना ती ‘सेव्ह करायचं का’ विचारेल. तिथे घाईत नाही म्हणू नकोस. मी म्हटलं, आणि सकाळभर खटपट करून बसवलेलं वायफाय, मराठी कीबोर्ड, सगळं गेलं. सेव्हफाइल, म्हणजे हे सगळं जिच्यात साठतं ती फाइल, पेनड्राइव्हवर ठेव, एक कॉपी दुसरीकडे. पुढे काही बिघडलंच, तर बूटच्या ओळीत, म्हणजे सिस्टिम सुरू होताना आज्ञा लिहायच्या ओळीत, ‘pfix=ram’ (पीफिक्स=रॅम) टाइप कर. सेव्हफाइल बाजूला राहते, कोरी पपी उघडते.